लाल टोक दक्षिणेला

वहिनी फरशी पुसायची तेव्हा बघणाऱ्याला हसू यायचं. फडकं भिंतीपासून दारापर्यंत ओढत आणायचं, दाराशी आलं की उचलायचं आणि हवेतून मोठा वळसा देऊन पुन्हा भिंतीशी टेकवायचं. मागेपुढे घासणं तिच्या हाताला जमतच नव्हतं.

धाकटी जाऊ दारात बसून शेंगा सोलत म्हणायची, "ताई, फरशी आहे ती. तिचा काही चुंबक होत नाही."

"झाला तर पहिली तूच चिकटशील," वहिनी म्हणायची. "दिवसभर बूड टेकलेलं असतं तुझं तिला."

हात तसा वळला होता त्याला कारण होतं. घरामागच्या पत्र्याच्या खोलीत शाळांसाठी चुंबक तयार व्हायचे, आणि ते वहिनी करायची. लग्न होऊन आली त्या वर्षी नवऱ्यानं तिला शिकवलं आणि थोड्याच दिवसांत सांगून टाकलं, की आता तू घास, मी बघतो. त्याचा स्वतःचा हात कधी एका वेगानं चालला नाही. तिचा चालला.

काम दिसायला काहीच नाही. लाकडी पाटावर लाकडाच्याच खुंट्यांमध्ये पोलादाची पट्टी आडवी बसवायची. पट्टी अर्धी लाल, अर्धी निळी. रंग आधीच देऊन भट्टीच्या उबेला वाळवून घेतलेला, कारण चुंबक झालेली पट्टी तापवली तर तिचा जोर जातो. मग मोठा चुंबक, भंगारातून आणलेला, लहान मुलाच्या डोक्याएवढ्या वजनाचा, दोन्ही हातांत धरायचा. त्याचा दक्षिण ध्रुव निळ्या टोकावर टेकवायचा आणि लाल टोकापर्यंत ओढत न्यायचा. तिथं उचलायचा. दुरून वळसा. पुन्हा निळ्यावर. घासणं जिथं संपतं त्या टोकाला घासणाऱ्या ध्रुवाच्या उलटा ध्रुव येतो. म्हणून लाल टोक उत्तर. परतीच्या वाटेवर हात नुसता पट्टीला लागला तरी जे कमावलं ते पुसलं जातं.

कंटाळा येईपर्यंत घासायचं आणि कंटाळा आल्यावर आणखी तेवढंच घासायचं. मग पट्टी मध्यावर रेशमी दोऱ्यानं बांधून लाकडी चौकटीत टांगायची. पट्टी डुलायची, पुढं जायची, मागं यायची, काहीतरी आठवत असल्यासारखी थरथरायची. शेवटी थांबायची. लाल टोक उत्तरेला, निळं दक्षिणेला. वहिनी प्रत्येक पट्टीचं हे थांबणं बघायची. कोणी हाक मारली तरी तेवढं होईपर्यंत ओ द्यायची नाही. तिच्या आयुष्यात सांगितलेलं ऐकणारी एवढी एकच गोष्ट होती.

नवरा गेला. त्याच्यामागे चुंबक विकायचं काम धाकट्या दिरानं, भाऊजींनी, उचललं. त्यांचा हात कामाचा नव्हता, जीभ होती. ते नुसते विकत नसत. शाळेत जाऊन मुलांना प्रयोग करून दाखवत. कागदावर लोहकीस पसरून खाली चुंबक धरायचा आणि टिचकी मारायची, की लोखंडाच्या त्या चुऱ्याच्या रेषाच रेषा उमटायच्या. मुलं ओरडायची. शाळाशाळांतून त्यांना चुंबकसर म्हणायला लागले. गल्लीतला दूधवालाही म्हणायला लागला. वहिनीला दूधवाला वहिनीच म्हणायचा.

तिला याचं काही वाटत नव्हतं. खरंच नव्हतं. ज्याला बोलता येतं त्यानं बोलावं.

मग एक दिवस भाऊजी लोहकिसाचा डबा घरीच विसरले. शाळा जवळची, म्हणून ती स्वतः घेऊन गेली. वर्गाचं दार लोटलेलं होतं, खिडकी उघडी होती. ती खिडकीशी थांबली, आतलं वाक्य संपलं की डबा द्यावा म्हणून.

आत भाऊजी रंगात आले होते. "आता हा चुंबक मी मधोमध मोडतो. काय होईल? उत्तर ध्रुव एका हातात, दक्षिण दुसऱ्या हातात? नाही! हे बघा, दोन चुंबक झाले. प्रत्येकाला दोन ध्रुव. कितीही तोडा, एकटा ध्रुव मिळायचा नाही."

एका मुलीनं हात वर केला. "सर, हे चुंबक कोण बनवतं?"

"मी!" भाऊजींनी तळवा सगळ्या वर्गासमोर धरला. "हा हात बघा. एकेक चुंबक मी या हातानं घासतो."

"एकटेच?"

"घरी आमच्या वहिनी आहेत. त्यांची मदत होते. त्या डबे भरतात."

वर्ग हसला. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं; मुलं कशालाही हसतात. खिडकीबाहेर वहिनीनं स्वतःचा उजवा हात बघितला. अंगठ्याच्या बुडाशी घट्टा होता, सुपारीएवढा. मनगट पावसाळ्यात वळत नसे. तिनं डबा दाराशी ठेवला आणि परत फिरली. मागून भाऊजींचा आवाज येत होता. ते सांगत होते, की एखादी वस्तू चुंबकाकडे ओढली गेली म्हणून ती चुंबक ठरत नाही, साधं लोखंडही ओढलं जातं. खरी परीक्षा दूर ढकलण्याची. जो दुसऱ्या चुंबकाला ढकलू शकतो तोच चुंबक.

हे वाक्य तिनंच त्यांना पाठ करून दिलं होतं.

संध्याकाळी जेवताना तिनं विषय काढला. राग दाबून, भाजी वाढता वाढता.

"भाऊजी, शाळेत सांगत जा ना, की घासायचं काम वहिनी करते."

भाऊजी हसले. वाईट माणूस नव्हता तो, हेच अवघड होतं. "अहो वहिनी, धंद्याची गोष्ट आहे. लोकांना बाईच्या हातचा स्वयंपाक चालतो. चुंबक सरांच्याच हातचा लागतो."

"खोटं सांगून विकलेला चालतो?"

"खोटं कसलं? घर एकच आहे ना आपलं? मी केलं काय, तुम्ही केलं काय."

"मग मी केलं असं सांगा. एकच तर आहे."

जाऊ मध्ये पडली. "ताई, आता तुम्हाला काय फेटा बांधून मिरवायचंय का?"

"तुझ्या नवऱ्याचा उतरला तर बांधीन."

जाऊ खो खो हसली, भाऊजीही हसले. वहिनी हसली नाही. तिनं ताट उचललं आणि मोरीत नेऊन घासलं. एकाच दिशेनं, हात उचलून उचलून, आणि प्रत्येक घासण्यागणिक तिच्या आत काहीतरी एका रांगेत येत गेलं. पोलादाच्या पट्टीत म्हणे तसंच होतं. आत आधीपासूनच बारीक बारीक चुंबक असतात, पण त्यांची तोंडं वाटेल त्या दिशेला. घासण्यानं ती सगळी एकीकडे वळतात. बाहेरून पट्टी होती तशीच दिसते.

बाहेरून वहिनी होती तशीच दिसत राहिली.

त्यानंतर एक मेळावा ठरला. गावातल्या सगळ्या शाळांचे विज्ञान शिक्षक एका शाळेच्या सभागृहात जमणार होते. चुंबकसर त्यांच्यासमोर प्रयोग करणार, आणि पसंत पडलं तर सगळ्या शाळा यापुढे यांचेच चुंबकांचे संच घेणार. भाऊजी घरभर फिरत भाषण म्हणत होते. जाऊनं त्यांचा सदरा तीनदा इस्त्री केला.

"वहिनी, त्या दिवशीचा संच खास हवा हं," ते म्हणाले. "जोरदार."

"जोरदारच देते," ती म्हणाली.

तिनं दोन नव्या पट्ट्या घेतल्या. पाटावर बसवल्या. मोठा चुंबक उचलला, तोच दक्षिण ध्रुव खाली. फक्त पट्टी उलटी ठेवली. लालपासून सुरुवात, निळ्याला शेवट. रोजच्यापेक्षा जास्त घासलं. इतकं चांगलं काम तिनं पूर्वी केलं नव्हतं. दोऱ्याला टांगल्यावर पट्टी जराही न घुटमळता वळली आणि निळं टोक उत्तरेला लावून उभी राहिली. लाल टोक दक्षिणेला. वहिनी तिच्याकडे बघत राहिली. अंगावर काटा आला, आनंदाचा.

तिनं हिशोब पक्का केला होता. दोन्ही पट्ट्या उलट्या, म्हणजे लाल लालला ढकलेलच, लाल निळ्याला ओढेलच. टाचण्या टोकांना लोंबतील, मधोमध लोंबणार नाहीत. यात काही कळणार नाही. भाऊजी आधी तपासणारही नाहीत. तिच्या हातावर त्यांचा एवढा भरवसा होता, की त्यांनी तिचं काम कधी तपासलंच नव्हतं. तो भरवसाही तिला आता शिवीसारखा लागत होता. पट्टी टांगेपर्यंत सगळं नीट जाईल, आणि टांगली की सगळ्यांसमोर ती त्यांना पाठ दाखवेल.

मग काय करतील? मान खाली घालतील, किंवा सांगतील, की हे मी केलेलं नाही, वहिनीनं केलंय. चालेल. तिला दोन्ही चाललं असतं. दुसरं जास्त. चुकीसाठी का होईना, त्या तोंडातून ते वाक्य बाहेर पडावं, एवढ्यासाठी ती त्या खोलीत अंधार पडेपर्यंत बसून राहिली.

मेळाव्याच्या दिवशी तिघं गेली. वहिनी आणि जाऊ सगळ्यांत मागच्या रांगेत बसल्या. पुढच्या रांगांत शिक्षक होते, त्यांच्याही पुढं जमिनीवर त्या शाळेची काही मुलं. यजमान शाळेच्या मुख्याध्यापिका बाजूला खुर्चीवर, मांडीवर पर्स, चेहरा न विरघळणारा. फळ्यावर खडूनं मोठा बाण काढून 'उत्तर' लिहिलेलं होतं.

सुरुवात झकास झाली. भाऊजींनी पितळेची चावी चुंबकाजवळ नेली, हलली नाही. लोखंडाची नेली, टणकन चिकटली. "चकाकतं ते सगळं चुंबकाला आवडत नाही, बरं का! लोखंड आवडतं, निकेल आवडतं, कोबाल्ट आवडतं. सोनं दिलंत तर ढुंकूनही बघणार नाही."

"मग याचं लग्न कसं जमायचं?" एक शिक्षक म्हणाले. सभागृह हसलं. जाऊनं अभिमानानं आजूबाजूला बघितलं.

लालनं लालला ढकललं. निळं लालला येऊन बिलगलं. टाळ्या.

"आणि आता," भाऊजी चौकट पुढं ओढत म्हणाले, "चुंबकाला मोकळं टांगलं, की तो स्वतःहून उत्तर-दक्षिण थांबतो. लाल टोक कुठं जाईल?"

"उत्तरेला!" मुलं ओरडली.

पट्टी सुटली. एकदा डोलली, दोनदा डोलली. मग सावकाश, अगदी घरच्यासारखी, वळली. निळं टोक फळ्यावरच्या बाणाकडे.

"सर, लाल दक्षिणेला गेलं!"

भाऊजींनी बोटानं पट्टी फिरवली. ती परत फिरली. त्यांनी चौकट उचलून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवली, जवळच्या चाव्या आणि टाचण्या लांब सरकवल्या. पट्टीनं ऐकलं नाही. घाईनं त्यांनी चुंबकसूची काढली आणि तिच्याजवळ दुसऱ्या पट्टीचं लाल टोक नेलं. सुईच्या उत्तर टोकानं लांब पळायला हवं होतं. ते झेप घेऊन लालकडे आलं. आता पुढच्या रांगेतले शिक्षकही हसू दाबत होते.

भाऊजींनी मान वर केली. सगळ्या डोक्यांवरून त्यांची नजर थेट मागच्या रांगेत आली. त्यांना कळलं होतं. दोन्ही पट्ट्या सारख्याच उलट्या, सारख्याच जोराच्या. ही चूक नव्हती, आणि असं करू शकणारं माणूस त्यांना एकच माहीत होतं. वहिनीनं नजर काढली नाही. मनात म्हणत होती: बोला आता. सांगा, मी नाही, तिनं.

भाऊजींनी रुमालानं कपाळ पुसलं. हसले.

"मंडळी, चूक माझी," ते म्हणाले. "काल घाईत घासताना पट्टी माझ्याकडून उलटी ठेवली गेली. यंत्राची अशी चूक होत नाही. जो स्वतःच्या हातानं करतो त्याचीच होते."

मग टाळ्या, आधीपेक्षा जास्त. मुख्याध्यापिकांचा चेहरा पहिल्यांदाच सैल झाला. शेजारच्या बाईंकडे वाकून त्या म्हणाल्या, "प्रामाणिक दिसतात."

वहिनीनं दोन्ही वाटा मोजल्या होत्या, ही तिसरी तिला सुचली नव्हती. या माणसानं तिची चूकसुद्धा घेतली. चांगलं ते घेतलं होतंच. आता तिनं जिवाच्या आकांतानं केलेलं वाईटही उचलून स्वतःच्या हातावर ठेवलं आणि त्याच्या टाळ्या घेतल्या.

ती उठली. जाऊनं मनगट पकडलं. "ताई, बसा. ताई, माझी शपथ."

वहिनीनं मनगट सोडवून घेतलं आणि दोन रांगांच्या मधून चालत टेबलापाशी गेली.

"यांची चूक नाही ती," ती म्हणाली. आवाज आधी फाटला, मग लागला. "चूकच नाही. मी केलंय. मुद्दाम केलंय."

"वहिनी," भाऊजी हळूच म्हणाले, "घरी बोलू."

"घरी बोलून झालं. यांनी आजवर एक पट्टी घासलेली नाही. या सगळ्या शाळांत जे चुंबक आहेत ते सगळे माझे आहेत. आणि हे दोन उलटे, हेही माझेच आहेत. हे तर खास माझे."

कोणी हसलं नाही. जमिनीवरचं एक मूल पट्टीला फुंकर मारत होतं, ते थांबलं. मुख्याध्यापिका उभ्या राहिल्या.

"मुद्दाम?" त्यांनी विचारलं. "मुलांपुढं ठेवायच्या वस्तू तुम्ही मुद्दाम खोट्या केल्यात?"

"यांना तोंडावर पाडायला केल्या. मुलांना द्यायला नाही."

"पण मुलांसमोर आल्याच ना. तुमचं भांडण यांच्याशी असेल, पण उद्या एखादा संच उलटा निघाला तर आमची मुलं उलटंच शिकतील." त्यांनी पर्स काखेत घेतली. "बाई, तुमच्या हातचं आम्ही यापुढे कुठल्या भरवशावर घ्यायचं?"

तुमच्या हातचं. चारचौघांत, एवढ्या शिक्षकांसमोर, फळ्याजवळ उभं राहून कोणीतरी ते म्हणालं होतं. इतकी वर्षं ज्यासाठी आत जळत होतं ते वाक्य शेवटी आलं, आणि आलं ते फटकाऱ्यासारखं आलं. वहिनीला वाटलं होतं असं ऐकलं की रडू येईल. आलं नाही. जीव भरला, आणि त्याच क्षणी कळलं, की आता संच कोणी घेणार नाही.

"घेऊ नका," ती म्हणाली. "पण आता माहीत आहे ना, कोणाच्या हातचं ते."

शिक्षक उठायला लागले. खुर्च्या सरकल्या.

शाळेच्या अंगणात भाऊजी खोकी सायकलरिक्षात ठेवत होते. घामानं इस्त्रीचा सदरा पाठीला चिकटला होता. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते नुसते थकलेले दिसत होते.

"वहिनी," ते म्हणाले, "अजून हातचं गेलेलं नाही. मुख्याध्यापिका बाई आत आहेत. आपण दोघं जाऊ. तुम्ही एवढंच सांगा, की दादा गेल्यापासून तुमचं मन ठिकाणावर नसतं, तोंडाला येईल ते बोलता. चुंबक मीच करतो म्हणा. मी हात जोडतो, त्या ऐकतील. घरी आल्यावर तुम्ही म्हणाल ते. हवं तर रोज पाया पडतो तुमच्या."

"घरी," वहिनी म्हणाली.

"हो."

"बंद दाराआड."

"अहो, मग कुठं पडू? चौकात?"

"तिथंच खोटं बोललात ना. चारचौघांत."

"वहिनी, पोटाचा प्रश्न आहे हा. तुमच्याही."

तिनं विचार केला. खरंच केला. पत्र्याची खोली, मांडणीवरच्या रंगवून ठेवलेल्या पट्ट्या, येणारा महिना. आत जाऊन चार शब्द बोलायचे, वेडी ठरायचं, आणि सगळं पूर्ववत. पूर्ववत या शब्दाशी ती थांबली.

"नाही," ती म्हणाली.

जाऊ इतका वेळ रडत होती. आता तिचा बांध फुटला. "मग घरी जाऊन ताटात काय वाढू मी? तुमचा मान वाढू?"

"वाढ," वहिनी म्हणाली. "इतकी वर्षं तोच वाढत होतीस, मला सोडून सगळ्यांना."

रिक्षावाल्यानं विचारलं, निघायचं का. रिक्षात खोक्यांच्या बाजूला दोघांपुरती जागा होती. जाऊ बसली, भाऊजी बसले, आणि थोडं सरकून त्यांनी तिसरीसाठी जागा केली. वहिनीनं ती बघितली.

"तुम्ही व्हा पुढं," ती म्हणाली, आणि शाळेच्या फाटकातून बाहेर पडून उलट्या बाजूच्या रस्त्यानं, लांबच्या वाटेनं, घराकडे चालू लागली. तिला कसलीही घाई नव्हती. कोणाला क्षमा करायचा विचारही तिच्या मनात नव्हता.